शेवटचा डबा कोणी पाहिला?

"एक पॅकेट दाखव! फक्त एक. चार कोटी चाचण्या चालवल्या आपण, फाइना, एकही पॅकेट हरवलं नाही. आणि तू म्हणतेस सही करणार नाही?"

"नाही करणार."

"का?"

"कारण तुझी रांग जागा रिकामी व्हायच्या आधीच ओरडते, जागा रिकामी आहे, या या."

"चाळीस नॅनोसेकंद आधी!"

"चाळीस नॅनोसेकंद आधी मारलेली थाप ही थापच असते, इतामार."

"ए, थाप म्हणू नकोस हं. डिझाइन आहे ते."

"बरं, मग डिझाइन थापा मारतंय. तू नाही. झालं समाधान?"

रविवारची सकाळ, म्हणजे आमच्याकडे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. इस्रायलमधल्या योक्नेआम गावात, टेकडीखालच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कॉफीच्या यंत्रासमोर ही जुंपली होती. सणांचा महिना आदल्याच आठवड्यात संपला होता. 'सणांनंतर बघू' म्हणून ढकललेली देशातली सगळी कामं त्या दिवशी एकदम दारात येऊन उभी होती. कोणी मान वळवून पाहिलं नाही. आमच्याकडे भांडण मोठ्याने, कॉरिडॉरमध्येच होतं; दोन माणसं दार लावून हळू बोलायला लागली की मात्र सगळ्यांचे कान टवकारतात.

इतामार आमच्या तुकडीचा प्रमुख. छत्तीस वर्षांचा, बारा महिने सँडल घालणारा, दोन लहान मुलींमुळे कायम अर्धवट झोपेत. सर्व्हरांना जोडणाऱ्या आमच्या नेटवर्क चिपमधली, तारेवरून येणाऱ्या डेटाच्या पॅकेटांची रांग त्याने स्वतः रचली होती. आणि फाइना रोइतबुर्द ती रांग तपासणारी. सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बारा वर्षांपूर्वी इतामार शिकाऊ म्हणून आला तेव्हा पडद्यावरच्या सिग्नलच्या लहरी वाचायला त्याला हिनेच शिकवलं होतं. म्हणून तो तिच्यावर असा ओरडू शकत होता. आणि म्हणूनच ती त्याला असं उत्तर देऊ शकत होती.

प्रयोगशाळेच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर अकरा चौकोन, चिपच्या अकरा भागांसाठी अकरा सह्या. गुरुवारी दुपारी बाराला चिपचा नकाशा कारखान्याकडे रवाना व्हायचा होता. तो ठोका चुकला की कारखान्याची पुढची पाळी अकरा आठवड्यांनी. दहा चौकोन भरले होते. पहिल्यात इतामारची लफ्फेदार सही होती. अकरावा, फाइनाचा, रिकामा होता.

"नियम माहीत आहे ना तुला?" इतामारचा आवाज आता खाली आला होता. "तपासणाऱ्याला चूक दाखवता आली नाही, तर वेळ संपल्यावर प्रमुख त्याच्या जागी सही करू शकतो."

"माहीत आहे. तो नियम लिहिला तेव्हा मी होते, तू शाळेत होतास."

"मग गुरुवारी बाराला मी तुझ्या चौकोनात सही करीन."

"कर. पेन चांगलं आण. ते स्वस्तातलं कागद फाडतं."

आणि ती आपला चहाचा ग्लास घेऊन प्रयोगशाळेत निघून गेली. त्या ग्लासात साखरेऐवजी चेरीचा मुरंबा असे, आणि तो ढवळताना होणाऱ्या किणकिणाटावरून ती कुठे आहे ते अख्ख्या मजल्याला कळे.

भांडण कशावरून होतं ते फाइनाच्या शब्दांत सांगते. नव्या मुलांना ती हे असंच शिकवायची; फळ्यावर रेघ ओढून, दोन टोकांना दोन चौकोन काढून.

"हे स्टेशन पाठवणारं. हे स्टेशन घेणारं. मधे एक रूळ. पाठवणाऱ्याकडे गाड्या फार, आणि त्याला घाई. घेणाऱ्याकडे फलाट किती? आठ. आठही भरलेले असताना नववी गाडी आली तर काय होईल?"

"टक्कर," मुलं म्हणायची.

"शाबास. म्हणून गाडी कोण सोडतो? पाठवणारा नाही सोडत. घेणारा सोडायला सांगतो. फलाट रिकामा झाला की तो कळवतो, लाइन क्लिअर, एक पाठव. एवढंच शास्त्र आहे. सेकंदाला दहा कोटी पॅकेटं असली तरी एवढंच. बाकी सगळं इंग्रजीतली मोठी मोठी नावं."

इतामारची करामत अशी: पॅकेटचं तोंड रांगेतून निघून सर्व्हरच्या मेमरीकडे सरकायला लागलं, की शेवट बाहेर पडायची वाट न पाहता तो मागे लाइन क्लिअर देऊन टाकायचा. पुढचं पॅकेट तारेवरून पोहोचेपर्यंत आधीच्याची शेपटी निघून गेलेलीच असणार, हा हिशोब. सर्व्हर तारेपेक्षा वेगाने पॅकेट गिळतो, त्यामुळे हिशोब चुकत नव्हता. यातून दर पॅकेटमागे चाळीस नॅनोसेकंद वाचायचे. आमच्या धंद्यात चाळीस नॅनोसेकंदांसाठी माणसं वर्षभर झोप उडवून घेतात. इतामारची ही करामत सगळीकडे मिरवली गेली होती. देखणी होतीच ती. फाइनासुद्धा म्हणायची, "देखणी आहे. म्हणूनच मला तिची भीती वाटते."

अडचण एकच. सर्व्हर पॅकेट गिळता गिळता मधेच थांबला तर?

"थांबत नाही," इतामार म्हणायचा.

चाचण्यांमध्ये तो थांबत नव्हताच. पण चाचण्यांमधला सर्व्हर खरा कुठे होता? तो आम्हीच लिहिलेला, संगणकाच्या आतला सोंगाडी होता.

"फार सभ्य आहे तुमचा हा सोंगाडी," फाइना म्हणाली होती. "दिलेलं मुकाट घेतो, मधे थांबत नाही, तक्रार करत नाही. पंचवीस वर्षं झाली मला या देशात, असं कोणी भेटलेलं नाही."

आता ही बाई फळ्यावर स्टेशनं का काढते, तर ती खरोखरच स्टेशनावर होती. युक्रेनमध्ये, झ्मेरिन्काच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर, अकरा वर्षं. गाड्या घ्यायच्या, गाड्या सोडायच्या. एक्क्याण्णवच्या जानेवारीत आईला घेऊन इथे उतरली, तर विमानतळावरच हातात गॅस मास्क ठेवले गेले. आठवडाभरात क्षेपणास्त्रांचे भोंगे सुरू. नेशेर नावाच्या गावात चार वर्षं तिने लोकांचे जिने धुतले. नव्याने आलेल्या इंजिनिअरांसाठी सरकारने एक वर्ग काढला होता, त्यात ती शेवटच्या बाकावर बसून प्रोग्रॅम लिहायला शिकली. आमच्याकडच्या मुलाखतीची गोष्ट ती अगदी सपाट चेहऱ्याने सांगायची:

"त्यांनी विचारलं, नेटवर्कचा अनुभव? मी म्हटलं, अकरा वर्षं. ते म्हणाले, अरे वा, कुठलं नेटवर्क? मी म्हटलं, नैर्ऋत्य रेल्वे. खूप हसले. मग मी विचारलं, तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी एकदम गाडी सुटली तर काय करता? मग हसायचे थांबले."

पगारी नोकरी लागली, घर झालं, आई गेली. हिब्रू शेवटपर्यंत जाड रशियन उच्चारातच राहिली. चौकटीच्या वह्यांमध्ये ती रशियनमधून चाचण्यांच्या याद्या लिहायची. अशा एकोणचाळीस वह्या कपाटात होत्या. तिच्यासोबत काम करणं सोपं नव्हतं. खिडकी उघडू द्यायची नाही. कोणी 'बहुतेक' म्हटलं की हातातलं काम खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसायची, तो शब्द मागे घेईपर्यंत. आणि कोणीही येऊन "झालं, चालतंय" म्हणाला की तिचा एकच प्रश्न: "शेवटचा डबा कोणी पाहिला?" नवी मुलं मागून तिच्या आवाजात तो म्हणून दाखवायची. तिला ते माहीत होतं. "उच्चार चुकवता रे," म्हणायची, "ड जरा घशातून काढा."

सोमवारपासून तिची शोधाशोध सुरू झाली. पॅकेट घेताना मधेच थांबणारा एक तरी खरा सर्व्हर हवा होता. सोबतीला प्रयोगशाळेचा वजदी. इसफिया गावचा, कार्मेल डोंगरावरून रोज खाली येणारा, अरबी बोलणाऱ्या द्रूझ पंथाचा गडी. मिशा पिळदार आणि हात सर्जनसारखे. तो फाइनाला अरबीत मावशी म्हणायचा. मी तेव्हा तुकडीची कागदपत्रं लिहायचे, माझं टेबल त्यांच्याच शेजारी, त्यामुळे ते तीन दिवस मी बसल्या जागेवरून पाहिले.

"मावशी, सहा सर्व्हर आहेत. सहाही लावले. आपली जुनीच चिप, वेळ मोजायला नवं मोजयंत्र. किती दाबू?"

"पूर्ण दाब."

वजदीने पूर्ण दाबलं. पंखे विमानासारखे गरजायला लागले. तासाभराने तो म्हणाला, "एकही थांबत नाही."

"अजून."

"अजून म्हणजे? तार भरली, मावशी. वर काही जातच नाही."

"मग तसंच चालू राहू दे."

सोमवार गेला. मंगळवार गेला. सहा सर्व्हर घामाघूम झाल्यासारखे गरम, आणि एकही अडखळेना. मंगळवारी दुपारी इतामार दारात येऊन उभा राहिला. हातात बुरेकासची, म्हणजे इथल्या सारण भरलेल्या पफची, पिशवी होती.

"खा. गरम आहे. बटाट्याचं."

"लाच?"

"नाही, दया." तो हसला. मग हसू घालवून म्हणाला, "फाइना, ऐक ना. मला तुझ्या जागी सही करायची नाहीये. आजवर कोणी केलेली नाही. लोक म्हणतील, इतामारने फाइनाला बाजूला केलं."

"मग नको करूस."

"मग तू कर."

"मग तू शेवटचा डबा दाखव."

"देवा! वजदी, तू सांग रे हिला."

"मी?" वजदीने दोन्ही हात वर केले. "माझ्या घरात एक आई, दोन मावश्या आणि सासू आहे. मी कधीच कोणाला काही सांगत नाही."

इतामार बुरेकास ठेवून गेला. फाइनाने एकही खाल्लं नाही, हे मी पाहिलं. ती नुसती यंत्रांकडे बघत होती. पहिल्यांदाच मला वाटलं, ही बाई हरणार. आणि हरली तर गुरुवारी दुपारी तिच्या चौकोनात दुसऱ्याची सही पडणार. मग कपाटातल्या त्या एकोणचाळीस वह्यांना कोण विचारणार?

वजदीने मळलेल्या हातानेच एक बुरेकास उचललं. "मावशी, रागावू नकोस. पण एवढी खात्री कशावरून? थांबतोच असं का वाटतं तुला?"

ती चष्मा काढून पुसत म्हणाली, "मी चोवीस वर्षांची होते. फेब्रुवारी, बर्फ. मालगाडी आली, बिटाची. इंजिन स्टेशनात शिरलं, डबे शिरायला लागले. गाडी घेतली की तिच्या शेवटच्या डब्यावरची लाल तबकडी डोळ्यांनी बघायची, मगच मागच्या स्टेशनाला लाइन क्लिअर द्यायची, असा नियम. पण बाहेर उणे अठरा, आणि साहेब फोनवर ओरडतोय, दे लवकर, मागे गाड्या तुंबल्यात. मी म्हटलं, इंजिन तर आलं. शेपटी कुठे जाणार आहे? दिली."

"मग?"

"मधला दुवा तुटला होता. चार डबे मागे रुळावरच राहिले होते. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला ते धुक्यात दिसले, हे त्याचं नशीब आणि माझंही. साठ पावलांवर थांबला. नंतर आला ऑफिसात, भुवयांवर बर्फ. शिवी नाही, काही नाही. एवढंच विचारलं: 'मुली, शेवटचा डबा कोणी पाहिला?'"

वजदीने खाणं थांबवलं होतं.

"दोन दिवस मी गर्दीतच शोधतेय," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पण त्या दिवशी गर्दी कुठे होती? सकाळपासून एकही गाडी नव्हती. सगळं गारठलेलं, सांधेवाला पेंगत होता, मी पेंगत होते, आणि मग एकदम..." ती थांबली. चष्मा तसाच हातात. "वजदी."

"हं?"

"आपण मूर्ख आहोत."

"हे मला घरीही सांगतात."

"गर्दीत सगळे जागे असतात रे! दोन दिवस आपण यांना मारून मारून जागं ठेवलंय. बंद कर. सगळं बंद कर. झोपू दे त्यांना."

ही चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. आम्ही वेगाची माणसं. यंत्र हाती आलं की पहिल्यांदा पूर्ण दाबायचं, ही इथली सवय, जवळजवळ धर्मच. कमी भाराखाली तपासणं म्हणजे वेळ वाया घालवणं. पण जगातले खरे सर्व्हर दिवसातला बराच वेळ रिकामे बसलेले असतात, आणि रिकामा सर्व्हर वीज वाचवायला डुलकी काढतो.

बुधवारी सकाळी प्रयोगशाळेत शांतता होती. पंखे जेमतेम फिरत होते. वजदीने यंत्रांना काही काळ काहीच दिलं नाही, मग एकाएकी पॅकेटांचा एक झटका दिला. मग पुन्हा शांतता. पुन्हा झटका. फाइना खुर्ची ओढून मोजयंत्राच्या पडद्याला नाक लावून बसली.

"काही नाही... काही नाही..." वजदी पुटपुटत होता. "काही ना... मावशी!"

"बघितलं."

"हा थांबला!"

"ओरडू नकोस, परत झोपेतून उठेल."

सर्व्हर डुलकीतून उठला होता, पॅकेटचं तोंड घेतलं होतं, आणि मग डोळे चोळत असल्यासारखा तीन मायक्रोसेकंद तसाच उभा राहिला होता. तीन मायक्रोसेकंद माणसाला काहीच नाहीत. पण तेवढ्यात इतामारची रांग मागे लाइन क्लिअर देऊन बसलेली असणार, आणि नवं पॅकेट जुन्याच्या शेपटीवर येऊन आदळलेलं असणार. सहापैकी चार सर्व्हर असे निघाले. फाइनाने जागेवरून उठून वजदीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच्या मिशांना चेरीचा मुरंबा लागला.

मग तिने तो थांबा सभ्य सोंगाड्याला शिकवला. बुधवारची उरलेली दुपार त्यातच गेली. गुरुवारी सकाळी साडेअकराला तिने इतामारला बोलावलं. तो आला तेव्हा खरंच खिशाला एक चांगलं पेन होतं.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

इतामार उभ्यानेच वाचत होता. मग बसला. लहरींवरून बोट फिरवत पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिनेच शिकवलं होतं तसं, डावीकडून, एकही ओळ न गाळता.

"हा तीनचा थांबा तू मनाने घातलास?"

"वजदीने मोजलाय. काल. चार सर्व्हरवर."

"किती वेळा होतं?"

"शांततेनंतरच्या दोन हजार झटक्यांत एकदा."

"पण पॅकेट हरवलं तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. तेवढं सोसेल."

"हरवत नाही, इतामार. नीट बघ. म्हणून तर चार कोटी चाचण्यांत दिसलं नाही. पॅकेट पोहोचतं. वेळेवर पोहोचतं. तोंड त्याचं, शेपटी दुसऱ्याची. आणि तपासणी दारातच झालेली असते, त्यामुळे आत कोणी विचारत नाही. कोणीतरी हवामानाचा अंदाज काढत असेल, त्यात दुसऱ्याच कोणाचे आकडे बसतील. कोणाला कधीच कळणार नाही."

तो घाईघाईने म्हणाला, "सूचना देऊ. चिपसोबत कागद देऊ, सर्व्हरला झोपू देऊ नका म्हणून."

"जगातले सगळे सर्व्हर जागे ठेवणार? तुझ्या दोघी मुली तुला जागं ठेवतात, तर तुझं काय झालंय बघ."

वजदी खोकला. इतामार हसला नाही.

"दुरुस्ती सोपी आहे," ती मऊ आवाजात म्हणाली. "शेपटी बाहेर पडल्यावर लाइन क्लिअर द्यायची. तीन ओळी."

"तीन ओळी आणि चाळीस नॅनोसेकंद! आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. आणि अकरा आठवडे." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "फाइना, वर जाऊन सांगू काय मी? वर्षभर ज्याची शेखी मिरवली तीच चूक निघाली? माझी?"

"तुझी आणि माझी."

"तुझी कशी?"

"तो सभ्य सोंगाडी तीन वर्षांपूर्वी मी तपासला होता. 'सर्व्हर मधे थांबत नाही' ही ओळ माझ्या सत्ताविसाव्या वहीत आहे. खाली सही माझी. तेव्हा मी विचारलं नाही कोणाला."

"हे कोणाला सांगितलंस?"

"तुलाच. आत्ता."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला सतरा मिनिटं कमी होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी रवानगी साजरी करायला बुरेकासचे ट्रे मांडायला लागलं होतं. गरम तिळाचा वास आत आला.

इतामार उठला. दाराशी गेला. खिशातलं पेन काढलं आणि अकराव्या चौकोनाकडे न जाता वर पहिल्या चौकोनावर आला. आपल्या लफ्फेदार सहीवर त्याने एक आडवी रेघ मारली. मग दुसरी. कागद फाटला नाही.

"अरे, ती कशाला खोडतोस?" फाइना खुर्चीतून उठत म्हणाली. "माझा चौकोन रिकामा आहे तेवढा पुरे. इतामार? वर एकटा चाललास की काय? थांब, वही घेते, मी पण येते ना. ऐकतोयस का? जिन्याने जाणार की लिफ्टने?"

तो ट्रेंच्या मधून वाट काढत जिन्याकडे निघून गेला.